कार्पेट धुवायचं मशीन घेताय? आधी ते पाणी किती परत ओढतं ते बघा

आमच्याकडे न्यू जर्सीत गणपती दीड दिवसाचा असतो पण कार्पेटला तो महिनाभर पुरतो. पंचामृत, निरांजनातलं तूप, गुलाल, मुलांच्या हातातले मोदक आणि वीस-पंचवीस जणांचे पाय, सगळं त्या बेज रंगाच्या कार्पेटवर. (इकडे भाड्याच्या घरात कार्पेट बेजच का असतं हे मला आजतागायत कळलेलं नाही.) तर आधीच्या घरात एका वर्षी पूजेची हळदीची वाटी कलंडली. मी घाबरून जवळच्या दुकानातून एका दिवसाच्या भाड्यावर मशीन आणलं, बाटलीतला शॅम्पू अंदाजानेच ओतला, म्हणजे जरा जास्तच, आणि पाणी सोडायचा ट्रिगर दाबून दाबून कार्पेट चिंब केलं. डाग गेला नाहीच, पिवळ्याचा चक्क लाल झाला. आई तेव्हा इथेच होती, ती सोफ्यावर बसून शांतपणे म्हणाली, "अगं, हळदीला चुना लागला की कुंकू होतं, एवढं माहीत नाही तुला?"

तिचं अगदी बरोबर होतं, साबणाचं पाणी अल्कलाइन, हळद त्यात लाल होते, शाळेत प्रयोग केलेला असतो आपण. पण खरं नुकसान लाल डागाने नाही केलं, पाण्याने केलं. तिसऱ्या दिवशीही पाय ठेवला की मोजा ओला व्हायचा आणि चौथ्या दिवशी खोलीत पावसाळ्यात न वाळलेल्या टॉवेलचा असतो तसला कुबट वास. त्यानंतर स्वतःचं मशीन घेतलं, दोन बदलली, बऱ्याच चुका केल्या, मैत्रिणींच्या घरी जाऊनही धुऊन दिलं, आणि आता सगळे मलाच विचारतात कुठलं घेऊ म्हणून, तर एकदाच सविस्तर लिहून टाकते.

मशीन आत नक्की करतं काय

अगदी साधं आहे. दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची आणि एक घाण पाण्याची. छोटा पंप स्वच्छ पाणी कार्पेटवर फवारतो, फिरता ब्रश ते धाग्यांत चोळतो, आणि पुढच्या पारदर्शक तोंडातून मोटर ते पाणी मळासकट वर ओढून दुसऱ्या टाकीत टाकते. इकडे लोक याला सर्रास स्टीम क्लीनिंग म्हणतात पण वाफ बिफ काही नसते, गरम पाणी सोडायचं आणि परत ओढायचं एवढंच. खरी वाफ सोडणारा स्टीम मॉप असतो तो टाइल्ससाठी, तो कार्पेटवर घेऊ नका, दुधासारखे डाग त्याने पक्के बसतात आणि लोकर आकसते ती वेगळीच.

आता कार्पेटच्या खाली काय असतं ते डोळ्यासमोर आणा. वर धागे, ते ज्यात ओवलेत ती पाठ, तिला लॅटेक्सचा थर, त्याच्या खाली फोमचं पॅड, बहुतेक घरांत अर्ध्या इंचापेक्षा किंचित कमी जाडीचं, आणि त्याखाली प्लायवूड. पॅड म्हणजे स्पंजच. धाग्यांतलं पाणी मशीन ओढतं, पण एकदा ते पॅडमध्ये उतरलं की घरातल्या कुठल्याही मशीनच्या बापाला ते पूर्ण निघत नाही. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते की ओली झालेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवा, म्हणजे बुरशी धरत नाही. म्हणून मी मशीन निवडताना आणि चालवताना एकच गोष्ट बघते, पाणी परत किती येतंय. बाकी सगळं, ब्रश किती, बटणं किती, वास कुठला, हे नंतर.

आधी आपलं कार्पेट ओळखा

हे न करता मशीन घ्यायला जाऊ नका. भिंतीपासून भिंतीपर्यंतची कार्पेट्स बहुतेक नायलॉन, पॉलिएस्टर किंवा ओलेफिनची असतात, आणि या तिन्हींना मशीन चालतं. नायलॉन मजबूत, पण रंग शोषतं, म्हणजे हळद, चहा, कोकम सरबत यांचे डाग लवकर धरतं. पॉलिएस्टर आणि ओलेफिन पाण्यातला रंग सहसा धरत नाहीत पण तेल-तूप त्यांना फार प्रिय, सोफ्यासमोरचा रस्ता काळपट होतो तो त्यामुळेच.

लोकरीच्या गालिच्याला कोमट पाणी, लोकरीसाठीचा सौम्य साबण आणि अगदी कमी ओल. त्यावर ऑक्सी वगैरे नाव असलेली पावडर नको. रेशीम, आणि व्हिस्कोज, ज्याला दुकानदार आर्ट सिल्क किंवा बांबू सिल्क म्हणून विकतात, त्याला मशीन अजिबात लावू नका, व्हिस्कोज ओलं झालं की धागे कडक होऊन पिवळे पडतात आणि मग ते कुणालाच नीट करता येत नाही. तागाची पाठ असेल तर जास्त पाण्याने वरती तपकिरी डाग उमटतात. काश्मिरी किंवा भदोही-मिर्झापूरकडचा हाताने विणलेला गालिचा आजीकडून आला असेल तर तो गालिचे धुणाऱ्याकडेच द्या, दोनशे डॉलर वाचवायच्या नादात वारसा घालवू नका.

कार्पेट कशाचं आहे कळत नसेल तर कपाटाच्या आतल्या कोपऱ्यातला एखादा धागा कापा, बाहेर अंगणात किंवा सिंकजवळ चिमट्यात धरून जाळून बघा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरली जाते. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. आणि कशाचंही असो, त्याच कोपऱ्यात पांढरं फडकं साबणाच्या पाण्यात भिजवून पाच मिनिटं दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबा.

मग कुठलं घ्यायचं

उभं मोठं मशीन, म्हणजे व्हॅक्यूमसारखं ढकलायचं. दोन-तीन खोल्यांत कार्पेट आहे, मुलं आहेत, कुत्रा-मांजर आहे, तर हे. साधारण शंभर-सव्वाशे डॉलरपासून तीनशेपर्यंत मिळतात आणि त्याच्या वरचीही आहेत. बिसेल आणि हूव्हर ही नावं सगळीकडे दिसतील. जाता जाता, बिसेल ही कंपनी मेलव्हिल बिसेल नावाच्या मिशिगनमधल्या चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानदाराने १८७६ मध्ये कार्पेट झाडायच्या यंत्राचं पेटंट घेऊन सुरू केली आणि १८८९ मध्ये तो वारल्यावर त्याच्या बायकोने, ॲनाने, ती चालवली आणि वाढवली. मशीन ढकलताना मला तिची आठवण येते, का कोण जाणे.

छोटं हातातलं मशीन, सुटकेससारखं, नळी आणि लहान तोंड असलेलं. अपार्टमेंटमध्ये एकच खोली कार्पेटची असेल, जिने असतील, सोफा-गादी-कारची सीट साफ करायची असेल तर हे पुरतं आणि खरं सांगू, जास्त वापरलं हेच जातं. मोठं मशीन वर्षातनं दोनदा बाहेर येतं, छोटं दर आठवड्याला. बजेट एकाचंच असेल आणि लहान मूल घरात असेल तर मी छोटं घ्या म्हणेन, आणि वर्षातनं एकदा मोठं भाड्याने आणा.

भाड्याचं मशीन सुपरमार्केटच्या दारात किंवा घरदुरुस्तीच्या दुकानात मिळतं, दिवसाचे तीस-चाळीस डॉलर आणि साबण वेगळा. त्यांचं ओढणं घरगुती मशीनपेक्षा बरेचदा जोरदार असतं, वजनही. पण आधीच्या माणसाने ते कसं ठेवलंय हे नशिबावर. माझ्या त्या पहिल्या, भाड्याच्या मशीनच्या ब्रशमध्ये कुणाच्या तरी कुत्र्याचे केस गुंडाळलेले होते आणि घाण पाण्याच्या टाकीची रबरी कड नीट बसत नव्हती, ते मला घरी आल्यावर दिसलं. कड बसली नाही की हवा तिथूनच ओढली जाते आणि कार्पेटवर पाणी तसंच राहतं. म्हणून दुकानातच टाकी उघडून बघा, वास घ्या, ब्रश फिरवा, लाजू नका.

ओला-सुका व्हॅक्यूम गॅरेजमध्ये असेल तर तोही टाकाऊ नाही. हाताने फवारा, ब्रशने चोळा, आणि त्याने ओढा. फक्त सुका फिल्टर काढून ओल्यासाठीचा घाला, नाहीतर कागदी फिल्टरचा लगदा होतो.

दुकानात मशीन बघताना मी काय बघते ते सांगते. भरलेल्या टाकीसकट उचलता येतं का, एक गॅलन पाणी म्हणजे जवळजवळ पावणेचार किलो, दोन गॅलनची टाकी म्हणजे साडेसात किलो पाणीच झालं, त्यात मशीनचं वजन, आणि बेडरूम वरच्या मजल्यावर. घाण टाकी पूर्ण उघडते का, हात आत जातो का, कारण नुसतं भोक असेल तर आत शेवाळासारखं काहीतरी जमतं आणि काढता येत नाही. ब्रश स्क्रू न काढता निघतो का. पट्टा आणि रबरी कडा सुट्या मिळतात का. वायर निदान वीस फूट आहे का. ट्रिगर सोडून नुसतं ओढायची सोय आहे का, ही तर हवीच. खोक्यावर ॲम्पियर किती मोठे लिहिलेत त्यावर भुलू नका, ते मोटर वीज किती खाते ते सांगतं, पाणी किती ओढते ते नाही. जॉर्जियातल्या डाल्टनमध्ये, म्हणजे इकडच्या कार्पेटच्या राजधानीत, कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूट आहे, ते मशीन तपासून शिक्का देतात आणि त्यात मळ किती निघतो याबरोबर पाणी किती परत येतं हेही धरतात. तो शिक्का असेल तर चांगलंच.

आणि घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी, परत करायची मुदत असताना, ही परीक्षा घ्या. दुधाचा रिकामा गॅलनचा कॅन घ्या, मोजून एक गॅलन पाणी टाकीत घाला, साबण नको, एका भागावर नेहमीसारखं चालवा, सगळं संपवा, मग घाण टाकीतलं पाणी त्याच कॅनमध्ये ओता. माझ्या आत्ताच्या मशीनचं पाऊण कॅन परत येतं. अर्ध्याच्या खाली आलं तर आधी टाकीची कड, झाकण, नळी तपासा, तरी तेच तर मशीन परत करा. बाकी कितीही चांगलं असलं तरी.

धुवायचा दिवस

दिवस नीट निवडा. बाहेर दमट हवा असेल तर पुढे ढकला. सकाळी सुरू करा म्हणजे रात्री झोपायच्या आत वाळतं, संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून दुपारी धुवायला काढणारे लोक मला माहीत आहेत, मीच ती.

सामान हलवा. जड कपाट हलत नसेल तर सोडून द्या, त्याच्या कडेने जा. जे फर्निचर परत ओल्या कार्पेटवर ठेवावं लागेल त्याच्या पायाखाली ॲल्युमिनियम फॉइलचे चौकोन ठेवा, नाहीतर लाकडाचा रंग किंवा खिळ्याचा गंज कार्पेटमध्ये उतरतो, आणि गंजाचा डाग हळदीपेक्षा वाईट.

मग सुका व्हॅक्यूम. आणि हा खरा व्हॅक्यूम, एक हात मारल्यासारखा नाही. कार्पेटमधली बहुतेक घाण सुकीच असते, माती, वाळू, कातडीचा भुसा, केस, ती आधी काढली नाही तर पाणी पडल्यावर तिचा चिखल होतो आणि तुम्ही तो चिखल खोलीभर पसरवता. उभं आणि आडवं दोन्हीकडून, सावकाश. माझा अर्धा वेळ यातच जातो आणि तो जायलाच हवा.

नंतर दार ते सोफा, सोफा ते किचन, असे जे मळलेले रस्ते असतात त्यांच्यावर पातळ साबणाचं पाणी बाटलीने फवारायचं, दहा मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही. साबणाला मळ सुटायला वेळ लागतो, हे आपल्याला कपडे भिजवताना माहीत असतं पण कार्पेटला आपण तो वेळ देत नाही.

टाकीत नळाचं गरम पाणी. उकळतं अजिबात नाही, टाकी वाकते, पंप जातो, बहुतेक मशीनच्या पुस्तकात १४० फॅरनहाइट म्हणजे ६० सेल्सियसच्या वर नको असं दिलेलं असतं. नळाचं गरम पाणी साधारण १२० च्या आसपास असतं, पुरे होतं. साबण मशीनसाठीचाच, कमी फेसाचा, आणि टाकीवरच्या रेघेपर्यंतच. मी तर कमी मळलेलं असेल तर रेघेच्या निम्माच घालते. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ असं आपल्या मनात बसलंय पण उरलेला साबण वाळल्यावर चिकट होतो आणि त्यावर धूळ बसते, म्हणून लोक म्हणतात ना की धुतल्यावर दोन आठवड्यांत कार्पेट आधीपेक्षा काळं झालं, ते हेच. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर टाकीत घालू नका, फेस थेट मोटरपर्यंत चढतो.

वीज. ही मशीन्स दहा-बारा ॲम्पियर खातात आणि घरातलं सर्किट बहुधा पंधराचं, त्याच सर्किटवर हीटर किंवा कुणाचा हेअर ड्रायर चालू झाला की फ्यूज पडला. एक्स्टेंशन जाडजूड वायरचं नसेल तर लावू नका.

आता चालवायचं. दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात, दाराकडे मागे मागे येत. ट्रिगर दाबून तीन-चार फूट पुढे, सावकाश, एका फुटाला एक सेकंद तरी. मशीन जसं सांगत असेल तसं ट्रिगर दाबून किंवा सोडून मागे. आणि मग ट्रिगर सोडून त्याच पट्ट्यावर पुढे-मागे, परत पुढे-मागे, पारदर्शक तोंडातून पाण्याचे थेंब धावताना दिसायचे बंद होईपर्यंत. माझा हिशोब सरळ आहे, एक ओली फेरी, किमान दोन सुक्या, मळलेल्या ठिकाणी तीन. पुढचा पट्टा आधीच्यावर दोन इंच चढवायचा, नाहीतर वाळल्यावर क्रिकेटच्या मैदानासारखे पट्टे दिसतात. डाग गेला नाही म्हणून एकाच जागी पाच-पाच वेळा पाणी सोडायचं नाही, ती जागा वाळू द्या, दुसऱ्या दिवशी परत बघा. हात शिवशिवतो, पण नाही.

मध्येच मशीनचा आवाज बदलून चिरका झाला तर घाण टाकी भरली किंवा फेस वर चढला, आतलं तरंगतं बूच ओढणं बंद करतं. टाकी रिकामी करा, फेस असेल तर रिकाम्या टाकीत दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला. घाण पाणी टॉयलेटमध्ये ओता, किचनच्या सिंकमध्ये नको, आणि केसांचा बोळा आधी काढून कचऱ्यात टाका. त्या पाण्याचा रंग एकदा नवऱ्याला दाखवा, बूट बाहेर काढण्यावरून पुन्हा वाद होत नाही.

पूर्ण खोली झाली की टाकीत नुसतं साधं पाणी घेऊन एक हलकी फेरी, साबण काढायला, परत सुक्या फेऱ्यांसकट. ही फेरी नव्वद टक्के लोक गाळतात. मीही गाळायचे.

हळद आणि बाकीचे डाग

हळदीचं आधी, कारण आपला तोच खरा प्रश्न. सुकी हळद पडली असेल तर पाणी दूर ठेवा, जुन्या क्रेडिट कार्डाच्या कडेने उचला, मग व्हॅक्यूमची नुसती नळी, ब्रश न लावता. गुलाल, अबीर, रांगोळी, सगळ्याला हेच. हळदीतला रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. म्हणून फार्मसीतलं सत्तर टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल पांढऱ्या फडक्यावर घ्या, कार्पेटवर ओतायचं नाही कारण खालच्या लॅटेक्सला ते चालत नाही, आणि बाहेरून आत टिपत या, फडक्याची जागा बदलत. खिडकी उघडी ठेवा, जवळ समई-मेणबत्ती नको. वरण-आमटी सांडली असेल तर आधी चमच्याने खरवडून कॉर्नस्टार्च भुरभुरा, अर्ध्या तासाने व्हॅक्यूम, मग अल्कोहोल. साबण सगळ्यात शेवटी. आणि माझ्यासारखं लाल झालंच तर घाबरू नका, एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी टिपून लावा, परत पिवळं होतं, मग पिवळ्याशी लढा. उरलेली पिवळसर झाक फिकट सिंथेटिक कार्पेटवर तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडने जाते, कोपऱ्यात तपासून, आणि व्हिनेगर पूर्ण धुऊन वाळल्यावरच, दोन्ही एकत्र कधीच नाही. ब्लीच तर आणूच नका. खिडकीतून ऊन पडत असेल तर पडदे उघडे ठेवा, हळदीला ऊन सोसत नाही, पांढऱ्या सदऱ्यावरचा डाग दोरीवर दोन दिवसांत फिका होतो तसंच.

दूध, श्रीखंड, उलटी, यांना गरम पाणी लावायचं नाही, गार पाणी आणि एन्झाइमवालं क्लीनर. शू, मुलाची किंवा मांजराची, पण तेच, फक्त एन्झाइम बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओलं राहू द्यावं लागतं, फवारून लगेच ओढलं तर पैसे पाण्यात. तूप-तेलाला कॉर्नस्टार्च किंवा बेकिंग सोडा, तासभर, मग कपभर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, टिपायचं, आणि साध्या पाण्याने परत टिपायचं. चहाला पातळ व्हिनेगर. मेणबत्तीच्या मेणावर बर्फ, कडक झालं की तोडून काढायचं. घासायचं कुठलंच नाही, धागे पिंजले की तो डाग कधीच जात नाही कारण तो डाग उरतच नाही, कार्पेट फाटल्यासारखं दिसतं.

एक गंमत सगळ्यांना चकवते. डाग गेला, वाळलं, दुसऱ्या दिवशी डाग परत हजर. खालच्या पाठीत उरलेलं पाणी वाळताना दिव्याच्या वातीसारखं वर चढतं आणि घाण धाग्यांच्या टोकाला आणून सोडतं. त्यावर परत भरपूर पाणी मारलं तर परत तेच. थोडीशीच ओल, जोरात ओढा, मग पांढरा जाड टॉवेल घडी करून ठेवा आणि त्यावर स्टीलच्या डब्यांचं किंवा पुस्तकांचं वजन, रात्रभर. सकाळी डाग टॉवेलवर असतो.

वाळवणं

जमिनीलगत पंखा, वरचा पंखा, आणि एसी किंवा डिह्युमिडिफायर. इकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हवाच ओली असते तेव्हा खिडक्या उघडल्या की उलट आतच ओल येते, बंद ठेवा आणि एसी लावा. हिवाळ्यात हीटिंगमुळे घर इतकं कोरडं असतं की चार-पाच तासांत वाळतं. दहा डॉलरचा आर्द्रता मोजायचा डबा ठेवा, साठ टक्क्यांच्या खाली ठेवायचं. नीट ओढलेलं कार्पेट सहा-आठ तासांत वाळायला हवं. पेपर टॉवेल ठेवून टाचेने दहा सेकंद दाबा, ओला झाला तर अजून मुलांना सोडू नका. दुसऱ्या दिवशीही ओलं असेल तर परत सुक्या फेऱ्या मारा, वाट बघत बसू नका. फार पाणी झालं असेल तर कोपऱ्यातून कार्पेट उचलून पॅड बघावं लागतं, ते काम माणसाला बोलावून करा.

भाड्याचं घर सोडताय त्यांच्यासाठी एवढंच, धुण्याआधीचे आणि नंतरचे तारखेचे फोटो काढा, मशीनच्या भाड्याची पावती ठेवा. न्यू जर्सीत घरमालकाला डिपॉझिट साधारणपणे तीस दिवसांत परत द्यावं लागतं आणि नेहमीच्या वापराने झिजलेल्या कार्पेटचे पैसे कापता येत नाहीत, हळदीचे मात्र येतात.

किती वेळा धुवायचं? बारा ते अठरा महिन्यांनी एकदा पूर्ण, हे इन्स्टिट्यूटवालेही सांगतात. लहान मूल आणि येणं-जाणं असेल तर रस्ते तेवढे सहा महिन्यांनी. त्याहून जास्त नको. काही कार्पेटच्या वॉरंटीत व्यावसायिक धुलाईची पावती मागतात, नवीन कार्पेट असेल तर ते कागद आधी वाचा.

सोफ्यावर छोटं मशीन चालवण्याआधी गादीखालची चिठ्ठी बघा. डब्ल्यू म्हणजे पाणी चालतं, एस म्हणजे पाणी नको, फक्त सॉल्व्हंट, म्हणजे ड्रायक्लीनिंगचं द्रव, डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही, एक्स म्हणजे फक्त व्हॅक्यूम. एस असताना पाणी मारलं की गोल डाग कायमचा.

पुण्या-मुंबईतल्या बहिणी-वहिनी मला विचारतात की येताना असं मशीन घेऊन ये. नको. इकडचं मशीन १२० व्होल्टचं, तिकडे २३०, चार्जरसारखा नुसता पिनचा ॲडॅप्टर लावला तर पहिल्याच दिवशी धूर. तिथे छोटी मशीन्स मिळतात, सोफा आणि गाद्यांसाठी ती चांगली, ओढण्याची तीच परीक्षा घ्या, फक्त लिटरच्या बाटलीने. जून ते सप्टेंबर धुवायला काढू नका. आणि सतरंजीला मशीन कशाला, ती बादलीत भिजवून गच्चीवर घालायची.

मशीन स्वतः धुवायचं

हे टाळलं की पुढच्या वेळी कार्पेटला वास मशीनचाच येतो. दोन्ही टाक्या साबणाने धुवा, स्वच्छ पाणी भरून बादलीत किंवा बाथटबमध्ये अर्धा मिनिट फवारा म्हणजे नळीतला साबण निघतो, थोडं पाणी ओढवून ओढायची वाटही धुवा. ब्रश काढून केस कात्रीने कापा. रबरी कडा पुसा. टाक्या उघड्या, वेगवेगळ्या, दोन दिवस वाळू द्या, मगच बंद करा. गॅरेजमध्ये ठेवत असाल तर जानेवारीत आत उरलेलं पाणी गोठून पंप फुटतो, माझं पहिलं मशीन असंच गेलं, कोट ठेवायच्या कपाटात जागा करा. आणि मैत्रिणीने मागितलं तर जरूर द्या, फक्त घाण टाकी उघडून दाखव म्हणावं परत देताना.